६२ हजारांचा कार स्टिरिओ हप्त्यावर घ्यावा का?

तुमचं पत्र वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मग मुद्द्यावर येतो. चिंचवडला भाड्याने राहता, हातात ४४ हजार पडतात, २०१८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय सेकंडहँड घेतलीय आणि तिच्या लोनचा ७,८०० चा हप्ता अजून २२ महिने चालणार आहे. रोज एकट्याने चाकणला जाणं-येणं, ट्रॅफिकमधे तास न् तास, आणि गाडीतल्या ओरिजिनल स्पीकरचा आवाज म्हणजे डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. म्हणून यादी काढलीय: अँड्रॉइड स्टिरिओ १८ हजार, पुढचे कॉम्पोनंट स्पीकर ९ हजार, मागचे साडेचार, आवाजाची ताकद वाढवणारा चार चॅनलचा अॅम्प १४, खोल बाससाठी सबवूफर साडेआठ, आणि वायरिंग, डॅम्पिंग (दाराची थरथर थांबवणाऱ्या शीट) नि कपलर (वायर न कापता जोडायचे प्लग) मिळून ८. एकूण ६२ हजार, क्रेडिट कार्डावर १२ महिने नो कॉस्ट ईएमआय. घरीच बसवणार म्हणजे ७ हजार मजुरी वाचणार. आणि बायकोचं म्हणणं, हौस आहे तर कर पण हप्त्यावर नको.

वहिनींचं बरोबर आहे. हौसेला माझा विरोध नाहीये, दिवसातले एवढे तास ज्या सीटवर जातात तिथे चार चांगली गाणी ऐकावीशी वाटली तर त्यात उधळपट्टी काय. पण ६२ हजार एकदम नको आणि कार्डावर तर नकोच.

आता हिशोब बघा. ४४ मधून भाडं ११, गाडीचा हप्ता ७,८००, घरखर्च १७, एसआयपी ३. उरले ५,२००. स्टिरिओचा हप्ता येतो ५,१६७. म्हणजे वर्षभर महिन्याला ३३ रुपये शिल्लक! एखाद्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला गेली, गावाकडे लग्न निघालं, की कार्डाचं बिल पूर्ण भरलं जात नाही, आणि एकदा का फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, भरायची सवय लागली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला ४० च्या वर. खरा धोका तो आहे.

नो कॉस्टचं म्हणाल तर तिथे लोक उगाच घाबरतात किंवा उगाच खूश होतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मधेच बँकांना झिरो पर्सेंट व्याजाच्या स्कीम बंद करायला लावल्या, त्यामुळे आता होतं असं की व्याज लागतंच, तेवढी रक्कम तुम्हाला डिस्काउंट म्हणून आधी वजा करून देतात. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो. तुमच्या केसमधे १५ टक्के दर धरला तर व्याज साधारण पावणेपाच हजार, त्यावर जीएसटी साडेआठशेच्या आसपास, वर प्रोसेसिंग फी. फार नाही, मान्य. पण पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात, रोख पैसे घेऊन उभं राहिलं की दुकानदार जे कमी करतो ते कार्डाच्या स्कीममधे मिळत नाही, ते कोणी हिशोबात धरत नाही.

८५ हजार सेव्हिंगला पडलेत त्यातून घेऊ का, असंही विचारलंय. तुमचा टाळता न येणारा खर्च, म्हणजे भाडं, हप्ता, घर, ३५,८०० आहे. ८५ हजार म्हणजे अडीच महिनेसुद्धा नाहीत. कंपनीत तुमच्याच लाइनवर मागच्या वर्षी काँट्रॅक्टची मुलं कमी केली असं तुम्ही लिहिलंय. त्या पैशाला स्टिरिओसाठी हात लावू नका. टायरसाठी मात्र लावा! पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात की पुढचे दोन टायर गुळगुळीत झालेत आणि मागचे पण दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर कशाला, पावसाळ्यात चाकण रोडवर जायचंय ना? चार टायरचे १८ हजार धरा आणि आत्ता घाला. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूला, तो कधी बनला याचा चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, तो बघून घ्या, नाहीतर गोडाऊनमधे पडून राहिलेला माल गळ्यात मारतात. आणि टायर वेडेवाकडे झिजले की केबिनमधे घरघर येते, अर्धं गाणं तिथेच मरतं, त्यामुळे हा खर्च स्टिरिओच्या खात्यातला समजलात तरी चालेल.

आता घरी बसवण्याबद्दल. ७ हजार मजुरी वाचते हा फायदा मला दुय्यम वाटतो. खरा फायदा हा की तुम्ही टप्प्याटप्प्याने करू शकता. दुकानात गेलं की तो सगळं एकदम उरकायला बघतो, कारण दार पुन्हा पुन्हा उघडायला त्याला परवडत नाही. तुम्हाला रविवार मोकळा आहे, दार कितीदाही उघडा.

पहिला टप्पा फक्त पुढचे स्पीकर आणि पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग, साडेबारा हजारात बसतं. स्पीकर घेताना खोक्यावरचे ३०० वॉट, ३६० वॉट बघू नका, तो पीक आकडा असतो. आरएमएस, म्हणजे सतत पेलणारे खरे वॉट, बघा, आणि त्याहून जास्त सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॉटमधे किती डेसिबल आवाज निघतो, ते बघा. तुमचा कंपनीचा स्टिरिओ खरा १५-२० वॉटच देतो एका चॅनलला. ८८ डेसिबलचा स्पीकर जेवढा आवाज दोन वॉटमधे देईल तेवढा ९१ वाला एका वॉटमधे देतो, कारण ३ डेसिबल म्हणजे दुप्पट पॉवर. थोडक्यात, स्पीकर नीट निवडला तर १४ हजारांचा अॅम्प कदाचित लागणारच नाही. आधी ऐका दोन-तीन महिने, मग ठरवा.

मागचे स्पीकर यादीतून काढा. एकटे जाता, मागे कोण ऐकणार? आणि १८ हजारांचा अँड्रॉइड स्टिरिओ तर सगळ्यात शेवटी. ब्लूटूथ गाडीत आहेच, मॅप मोबाईलवर चालतो. ९ इंची स्क्रीनची फ्रेम त्या त्या मॉडेलचीच असते, गाडी विकली की ती पुढच्या गाडीला बसत नाही, आणि विकताना गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे देत नाही. स्पीकर तसे नाहीत, साडेसहा इंची बहुतेक गाड्यांत बसतात. म्हणून ओरिजिनल वायर कापू नका, कपलर वापरा, आणि जुने स्पीकर माळ्यावर ठेवा, गाडी विकायच्या वेळी परत घालता येतील.

पैसा कुठून? महिन्याच्या ५,२०० मधले ४ हजार टायरचं भगदाड भरायला सेव्हिंगमधे, बाकी १,२०० ची आरडी. दिवाळीचा बोनस २५ हजार येतो म्हणालात, त्यातून साडेबारा हजारांचा पहिला टप्पा करा, उरलेले सेव्हिंगला. अॅम्प आणि सबची खाज तरीही राहिलीच तर २२ महिन्यांनी गाडीचा हप्ता संपतोय, ते ७,८०० तीन महिने बाजूला टाकलेत की दोन्ही येतात, रोखीने.

मात्र अॅम्पची मेन लाइन स्वतः ओढू नका. स्पीकर बदलताना जास्तीत जास्त दाराची क्लिप तुटेल, ती किरकोळ पैशात मिळते. पण बॅटरीपासून मागे डिकीपर्यंत जाणारी जाड वायर वेगळी गोष्ट आहे, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज नसेल आणि ती कुठे पत्र्याला घासली तर गाडी पेटू शकते. स्वस्त किटमधे तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर असते, ती घेऊ नका. ऑटो इलेक्ट्रिशियनला दीड-दोन हजार द्या आणि बिल घ्या. ते बिल इन्शुरन्स रिन्यू करताना एजंटला दाखवून अॅक्सेसरीज पॉलिसीत चढवा. त्यांच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा प्रीमियम लागतो, वर जीएसटी. न चढवता चोरी झाली तर कंपनी फक्त कारखान्यातून आलेल्या वस्तूंचे पैसे मोजते.