पीसीआरच्या एन्झाइमांविषयी, नव्याने रुजू झालेल्यांसाठी

म्हापशातील प्रयोगशाळेत रुजू होताच तुम्ही विचारलेत की टॅक आणि बीएसटी यांपैकी कोणते पॉलिमरेझ (डीएनएच्या प्रती काढणारे एन्झाइम) चांगले. परंतु चाचणी कोणती, हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत सापडलेल्या आणि 1969 मध्ये वर्णिलेल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचे टॅक 95 अंशांची उष्णता पुनःपुन्हा सोसते, म्हणून पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनए आळीपाळीने तापवून-थंड करून त्याच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीत, वापरल्या जाणाऱ्या थर्मल सायकलर या यंत्रात ते चालते. बीएसटी सुमारे 65 अंशांवर डीएनएचा पुढचा धागा स्वतःच बाजूला सारत प्रत काढते, त्यामुळे एकाच तापमानावर चालणाऱ्या लॅम्प चाचणीला तेच योग्य.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या संशयितांचे रक्त येऊ लागले की आधी नळीचे झाकण पाहा. हिरव्या झाकणाच्या नळीतील हेपरिन (रक्त गोठू न देणारे द्रव्य) टॅकला अडवते आणि खरा रुग्णही निगेटिव्ह दिसू शकतो. म्हणून जांभळ्या झाकणाची, ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे दुसरे द्रव्य असलेली नळीच मागवावी आणि प्रत्येक नमुन्यात इंटर्नल कंट्रोल (चाचणी अडली नाही ना, हे दाखवणारी सोबतची तपासणी) ठेवावा, मग वरिष्ठ कितीही घाई करोत.

एन्झाइम ग्लिसरॉलमध्ये असल्याने उणे 20 अंशांवरही गोठत नाही. ते दाट असते; पिपेटच्या टिपचे टोक पृष्ठभागाखाली जेमतेम बुडवून सावकाश ओढावे, कारण खोल बुडवल्यास बाहेरून चिकटलेले एन्झाइमही मिश्रणात जाते आणि महागडी कुपी लवकर संपते.

बाजारातील टॅक बहुधा ई. कोलायमध्ये तयार केलेले असते आणि त्या जिवाणूच्या डीएनएचे अंश त्यात उरू शकतात. म्हणून सर्व जिवाणूंना लागू पडणाऱ्या 16एस (सर्व जिवाणूंत असलेल्या एका जनुकाच्या) चाचणीत नुसत्या पाण्याचा कंट्रोलही उशिरा का होईना पॉझिटिव्ह आला, तर टेबल पुसत बसण्याआधी एन्झाइमची बॅच बदलून पाहावी.