गुहेचे ‘रूपक’ की आणखी काही?

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या एका गोष्टीत, गुहेत लहानपणापासून जखडलेल्या कैद्यांना पाठीमागच्या जाळामुळे समोरच्या भिंतीवर पडणाऱ्या सावल्याच खऱ्या वाटतात; त्यांतला एक सुटून वर सूर्याच्या उजेडात येतो. या प्रसिद्ध गुहेला ‘रूपक’ म्हणावे की ‘रूपककथा’, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. निदान त्यांनी ‘गुहेची दंतकथा’ असे तरी लिहिले नाही, हे त्यांचे उपकारच. व्याख्यानांतून हा शब्दप्रयोग ऐकून माझे कान किटले आहेत. दंतकथा तोंडोतोंडी चालत येते. ही गोष्ट प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात सॉक्रेटिसच्या तोंडी घातलेली, बेतून रचलेली आहे.

‘रूपक’ तर नकोच. रूपकात उपमेय आणि उपमान यांचा अभेद लागतो, आणि सॉक्रेटिस तर आरंभीच ‘शिक्षण आणि त्याचा अभाव यांच्या बाबतीत आपल्या स्वभावाची तुलना अशा स्थितीशी करून पाहा’ असे सांगतो.

इंग्रजीतल्या ‘ॲलेगरी’चे मूळ मात्र पाहण्यासारखे आहे. ग्रीकमध्ये ‘अल्लोस’ म्हणजे दुसरे आणि ‘अगोरेवेइन’ म्हणजे अगोरात, चारचौघांच्या सभेत, बोलणे. आता आपला ‘अन्योक्ती’ शब्द फोडून पाहा: अन्य आणि उक्ती! ध्वनिसाम्याच्या मागे कोणी लागू नये. साम्य घडणीचे आहे, आणि ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण ज्या भाषेत आहे तिला ते समजावून सांगण्याची गरज नाही. ‘ॲलेगरी’साठी हा तयार शब्द हाताशी असताना परिभाषा घडवणाऱ्यांना ‘रूपककथा’ हा जोडशब्द का बनवावासा वाटला, हे मला आजवर उमगलेले नाही.

तरीही गुहेला मी अन्योक्ती म्हणणार नाही. अन्योक्तीत खरा रोख न बोललेलाच राहतो, तर इथे गोष्ट संपताच सॉक्रेटिस स्वतः उलगडा करतो: बंदिशाळा म्हणजे डोळ्यांना दिसणारे जग, तिथल्या जाळाचा उजेड म्हणजे सूर्याची शक्ती, आणि वरची चढण म्हणजे बुद्धिगम्य प्रदेशाकडे होणारा आत्म्याचा प्रवास. आधी विधान, मग गोष्ट, मग उलगडा, ही रचना मराठी वाचकाला परकी वाटू नये. तेराव्या शतकात केसोबासांनी सिद्ध केलेल्या महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त नेमका हाच क्रम आहे: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्ताचा उलगडा. म्हणून ‘गुहेचा दृष्टान्त’ हेच नाव तिला शोभते असे मला वाटते.

प्लेटोचा स्वतःचा शब्द आहे ‘एइकोन’, म्हणजे प्रतिमा, आणि त्यातली गंमत बहुतेक भाष्यकार घाईने ओलांडून जातात. सहाव्या भागाच्या शेवटी तो ज्ञानाच्या पायऱ्या मांडतो, त्यांतल्या सर्वांत खालच्या पायरीचे नाव ‘एइकासिया’, म्हणजे सावल्या आणि प्रतिबिंबे यांवरच विसंबणे. शब्द त्याच मुळाचा. भिंतीवरच्या सावल्यांना भुलू नका, हे सांगायला तो आपल्यापुढे आणखी एक प्रतिमाच धरतो, आणि हे त्याच्या लक्षात आले नसेल असे मानायला मी तयार नाही.

दृष्टान्त सामान्यांना आणि जाणत्यांना सारखाच पटावा, असे न्यायसूत्र हा भारतीय तर्कशास्त्राचा जुना ग्रंथ म्हणतो. गुहा तर विलक्षण आहे, मग ती दृष्टान्त कशी, अशी हरकत कोणी घेईल. ती सॉक्रेटिसशी बोलत असलेल्या ग्लॉकॉनने तिथेच घेतली आहे. ‘विचित्र प्रतिमा सांगतोस, आणि कैदीही विचित्र,’ असे तो म्हणतो, आणि सॉक्रेटिसचे उत्तर मूळ ग्रीकमध्ये अवघ्या दोन शब्दांचे आहे: ‘आपल्यासारखेच.’ दार्ष्टान्तिक तिथूनच सुरू झाले.