‘मॅडम, चार जूनपर्यंत झोप लागेल असं वाटत नाही’

मी समुपदेशक आहे. निवडणूक जाहीर झाली की माझ्याकडे एक तक्रार हमखास वाढते. शब्द वेगवेगळे असतात. ‘बातम्या बघितल्याशिवाय चैन पडत नाही आणि बघितल्या की झोप उडते.’ ‘घरात राजकारणावरून बोलणं बंद झालंय.’ ‘आपल्या एका मतानं काय होणार, या विचारानं हातपाय गळतात.’ २०२४ च्या लोकसभेच्या वेळी (निकाल चार जूनला होता) हे फार जणांकडून ऐकलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला पुन्हा ऐकलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. खालची हकिकत तिघाचौघांच्या अनुभवांतून एकत्र केलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कोण कुठल्या पक्षाचं, हे मुद्दाम गाळलं आहे. दोन्ही बाजूंच्या माणसांची झोप सारखीच उडालेली असते.

सर निवृत्त शिक्षक, विषय गणित, वय ६६. होळीनंतरच्या आठवड्यात त्यांच्या पत्नी, म्हणजे काकूच, त्यांना घेऊन आल्या. संध्याकाळी साडेपाचला टीव्ही लागायचा तो अकराला बंद व्हायचा, मग अंथरुणात फोन. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी वाढवली होती. बेंगळुरूला असलेल्या मुलाशी होळीच्या दिवशी फोनवर वाद झाला आणि त्यानंतर फोनच नाही.

सरांच्या पिशवीत एक शंभरपानी वही होती. आडवे-उभे रकाने आखलेले: उत्तर प्रदेश ८०, महाराष्ट्र ४८, पश्चिम बंगाल ४२, बिहार ४०, तमिळनाडू ३९. पुढे प्रत्येक वाहिनीच्या जनमत चाचणीचे आकडे, तारखेसह. अक्षर शिक्षकाचं, खाडाखोड कुठेही नाही.

“सर, यातला कुठला आकडा तुमच्या हातात आहे?”

“एकही नाही.”

“मग वही कशासाठी?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पान भरलं की वाटतं, आज काहीतरी केलं.”

या एका वाक्यासाठी मी पुढची अर्धी भेट थांबले. देशाची काळजी असलेल्या माणसाच्या हाताला काम नसलं की तो काळजीलाच काम समजू लागतो. पाच तास बातम्या बघून माणूस खरोखर थकतो, आणि थकवा आला म्हणजे कर्तव्य केलं असं मनाला वाटतं. दुसऱ्या दिवशी तेवढं पुरत नाही, म्हणून सहा तास.

टीव्ही बंद करा, असं मी पहिल्या भेटीत कधीच सांगत नाही. बंदी चार दिवस टिकते, पाचव्या दिवशी माणूस मोरीत जाऊन फोनवर तेच बघतो आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच. सरांना दिलेले नियम साधे होते. सकाळी वर्तमानपत्र पूर्ण वाचायचं. संध्याकाळी ठरलेल्या वेळी अर्ध्या तासाचं एकच बातमीपत्र. चर्चेचे कार्यक्रम नाहीत. चार जण एकदम बोलतात तिथे नवी माहिती फारशी नसते, आवाज असतो, आणि छातीतली धडधड आवाजानं वाढते. व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे ग्रुप ‘नेहमीसाठी म्यूट’, दिवसातून एकदा दुपारच्या जेवणानंतर वाचायचे. ग्रुप सोडायचा नाही, कारण सोडण्यावरूनच नवं भांडण उभं राहतं. रात्री साडेनऊला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

पुढच्या बुधवारी सर आले तेव्हा सातांपैकी तीन दिवस नियम पाळले होते. तीन पुष्कळ झाले. पण चेहरा तसाच होता आणि बसल्याबसल्या त्यांनी विषय काढला, “बारामतीत काय होणार हो?” त्या वर्षी सगळा महाराष्ट्र हाच प्रश्न विचारत होता, एकाच घरातल्या दोघी समोरासमोर उभ्या होत्या. सर दहा मिनिटं त्यावर बोलले. कोणत्या तालुक्यात कुणाचं वजन, कुठली सभा कशी झाली, सगळं तोंडपाठ.

माझ्यासमोर त्यांचा नोंदणीचा कागद होता. पत्ता धायरीचा.

“सर, तुमचं स्वतःचं मत कुठे आहे?”

“पुण्यात. सदाशिव पेठेत. चाळीस वर्षं तिथेच राहिलो.”

“आणि धायरीला येऊन?”

“दोन वर्षं होतील.”

“धायरी कुठल्या विधानसभेत येते?”

“खडकवासला,” ते पटकन म्हणाले. आणि मग थांबले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. “खडकवासला म्हणजे…” त्यांनी वही मिटली. “बारामती.”

आपल्याकडे लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. बारामतीत बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला. सिंहगड रस्त्यालगतच्या कितीतरी वस्त्यांचा पत्ता पुणे, घरपट्टी पुणे महापालिकेची, पण खासदार बारामतीचा. शिवाय मतदानाची तारीखही वेगळी: बारामतीत ७ मे, पुण्यात १३ मे.

सरांचे डोळे भरून आले. “माहीत होतं हो मला. पण तो माझा मतदारसंघ आहे, असं कधी वाटलंच नाही.”

मी काहीच बोलले नाही. समुपदेशनात अशा वेळी बोलण्याचा मोह होतो आणि तो आवरायचा असतो. तो आवरता येणं, हे माझ्या इतक्या वर्षांच्या कामाचं खरं कौशल्य आहे असं मी मानते. रोज रात्री ज्या लढतीचा प्रेक्षक म्हणून या माणसाचा जीव वरखाली होत होता, तिथला तो मतदार होता. फक्त यादीत नव्हता.

दोन मिनिटांनी काकूच म्हणाल्या, “मग नाव बदलून घ्यायला काय लागतं?”

हा भाग मी नेहमी सावकाश सांगते, कारण इथेच लोक चुकतात. पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरायचा. नमुना ६ पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी असतो. तो पुन्हा भरला की नाव दोन ठिकाणी लागतं आणि पुढे कटकट होते. अर्ज निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर (२०२४ मध्ये ते ‘व्होटर हेल्पलाइन’ होतं) किंवा आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर करता येतो, नाहीतर भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, कागदावर. नव्या पत्त्याचा पुरावा लागतो: गॅस किंवा विजेचं बिल, बँकेचं पासबुक, आधार यांपैकी एक. सरांच्या पासबुकावर अजून पेठेचाच पत्ता होता, गॅसचं बिल मात्र धायरीचं निघालं. अर्ज केल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक लिहून ठेवायचा, कारण बीएलओ पडताळणीला येतो तेव्हा घर बंद असेल तर अर्ज रखडतो. अडलं तर १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन करायचा.

आणि मुदत. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत यादीत भर पडते, पण छाननीला वेळ लागतो, म्हणून आपला अर्ज व्यवहारात त्याच्या दहा दिवस आधी गेलेला बरा. बारामतीत शेवटची तारीख १९ एप्रिल होती. म्हणजे सरांच्या हातात गुढीपाडव्यापर्यंतचे (९ एप्रिल), जेमतेम सहा दिवस होते. दोघांचे अर्ज त्यांनी त्याच रात्री भरले. काकूंनी नंतर सांगितलं, त्या रात्री टीव्ही लावायची आठवणच झाली नाही.

हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे. काळजीशी वाद घालून ती हटत नाही, धीर देऊनही हटत नाही. तिला उभं राहायला ५४३ मतदारसंघ दिले की ती ५४३ ठिकाणी पसरते. एक मतदारसंघ, एक यादी, एक केंद्र दिलं की तेवढ्यात मावते. मी या कामात माणसाचे विचार तपासते, त्यांचं खरंखोटं त्याच्याकडूनच करून घेते. पण विचार बदलायला आधी हाताला काम लागतं, हे मला पुस्तकांपेक्षा अशा माणसांनी शिकवलं.

पाडव्यानंतर ते आले तेव्हा विचारलं, “वही टाकून देऊ?” मी म्हटलं, उरलेली पानं वापरू. नव्या पानांवर फक्त बारामतीचे उमेदवार. प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. सरांनी चार रकाने केले: दाखल गुन्हे, मालमत्ता आणि कर्ज, पाच वर्षांत विवरणपत्रात दाखवलेलं उत्पन्न, शिक्षण. पाचवा त्यांचा स्वतःचा: आपल्या भागाच्या पाण्यावर आणि रस्त्यावर हा काय बोलला. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख रुपये, पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही, हेही त्यांनी कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. फॉरवर्ड आलेले पैसेवाटपाचे व्हिडिओ बघून ते संतापायचे. त्यांना आयोगाचं सी-व्हिजिल अ‍ॅप दाखवलं, आचारसंहिताभंगाची तक्रार करण्याचं. तिथे स्वतः जागेवर काढलेलाच फोटो किंवा व्हिडिओ चालतो, आलेला पुढे ढकलता येत नाही. तक्रारीवर शंभर मिनिटांत कार्यवाही करायचं बंधन आहे. त्यानंतर एखादा व्हिडिओ आला की ते स्वतःला विचारू लागले, हे मी पाहिलंय का?

एक गाठ उरली होती.

“पण मॅडम, निकाल असाच लागला पाहिजे. नाहीतर संपलं सगळं.”

“लागावा, अशी इच्छा आहे की लागलाच पाहिजे, असा हट्ट?”

“फरक काय?”

“इच्छा असेल तर सात तारखेला मत द्याल, चार जूनला हरलात तर वाईट वाटेल, आणि पुढच्या खासदाराला पाण्यासाठी पत्र लिहाल. हट्ट असेल तर?”

त्यांनी विचार केला. “तर मुलाशी बोलणार नाही.”

मुलाचा विषय त्यांनीच काढला, म्हणून लगेच पुढे गेले. निवडणुकीवरून बिनसलेल्या घरांना मी एक पथ्य सांगते: ‘तुमचे लोक’ आणि ‘आमचे लोक’ हे शब्द महिनाभर बंद. आणि पहिला प्रश्न मताचा नको, राहणीचा हवा. त्या मार्च-एप्रिलमध्ये बेंगळुरूत पाण्याची भीषण टंचाई होती. सरांनी फोन केला आणि एवढंच विचारलं, “तुमच्याकडे पाण्याचं काय?” मुलगा वीस मिनिटं टँकरबद्दल बोलत होता. २६ एप्रिलला त्याचं मतदान होतं. कुणाला दिलंस, हे सरांनी विचारलं नाही. रांग किती होती, ते विचारलं.

काकूंचं नाव नव्या यादीत आलं, सरांचंही. मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं होत नाही. म्हणून ओळखपत्राचा क्रमांक टाकूनच शोधायला सांगितलं होतं, नावाच्या स्पेलिंगवर विसंबून राहायचं नाही. ७ मे रोजी सकाळी साडेसातला दोघं केंद्रावर होते. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या, काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते; सरांनी ती मोजली.

ज्यांना ‘एका मतानं काय होतं’ हा प्रश्न छळतो, त्यांना मी आता मुंबई वायव्यचा निकाल सांगते. त्याच निवडणुकीत तिथला फरक ४८ मतांचा होता. एका इमारतीत असतात तेवढी माणसं.

मतदान झाल्यावर सगळं निवळेल असं वाटत होतं, पण १ जूनच्या संध्याकाळी सरांचा फोन आला. शेवटचा टप्पा संपला होता, साडेसहाला एक्झिट पोल सुरू झाले होते आणि आवाज पुन्हा मार्चमधलाच होता. हे होतंच. बरं वाटणं सरळ रेषेत येत नाही.

त्यांच्याशी मी गणितात बोलले. हजार माणसांची चाचणी अगदी नीट घेतली तरी मतांच्या टक्केवारीत तीनेक टक्के इकडेतिकडे होतात. अटीतटीच्या लढतीत तेवढ्यात कितीतरी जागा फिरतात. शिवाय सगळी माणसं खरं सांगत नाहीत. “म्हणजे, सर, आकडा कळतो तो चार तारखेलाच.” त्या वर्षी बहुतेक एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला ३५० च्या पुढे नेलं होतं, प्रत्यक्षात २९३ जागा आल्या. महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत जेमतेम टक्क्याच्या आसपास फरक राहिला आणि जागा पडल्या ३० आणि १७. हे अर्थातच नंतर कळलं.

चार जूनसाठी वेळापत्रक बनवलं. मोजणी सकाळी आठला टपाली मतांनी सुरू होते, यंत्रं साडेआठला उघडतात. एका विधानसभा मतदारसंघाला साधारण १४ टेबलं असतात, म्हणजे पहिल्या फेरीत १४ यंत्रं, बहुधा दहा हजारांच्या आतबाहेर मतं. वीसेक फेऱ्यांतली ती एक. नऊ वाजताची ‘आघाडी’ ही तेवढ्यावर उभी असते, आणि ती बघून लोक फटाके आणतात किंवा रडतात. म्हणून आयोगाचं निकालाचं पान तीनदाच उघडायचं: अकराला, एकला आणि चारला. सरांनी वहीच्या शेवटच्या पानावर तीन रिकामे रकाने आखून ठेवले.

त्या दिवशी सव्वानऊला बेंगळुरूहून फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

“बाबा, बघताय ना? काय चाललंय!”

“अजून पहिलीच फेरी आहे रे,” सर म्हणाले. “अकराला बघू. तोवर सांग, तुझ्याकडे पाऊस झाला का?”