सतरा सीटर ट्रॅव्हलर स्वतः विकताय? आधी नावाचं बघा

दादा, तुमचा प्रश्न असा आहे: २०१७ची सतरा सीटर ट्रॅव्हलर डीलरने फारच पाडून मागितली, म्हणून तुम्ही ती कोल्हापुरात स्वतः विकायला काढली. आता बेळगावचं गिऱ्हाईक चांगला भाव देतंय, पण म्हणतंय, "टीटीओ सेटवर (मालकी बदलाच्या फॉर्मवर) सह्या करून द्या, नाव आम्ही सावकाश चढवून घेऊ." भावाचं नंतर बोलू. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी सोडू नका, हे आधी सांगतो.

आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली हेच सांगितलं. तिथे मूळ मालकाने २००७मध्ये गाडी विकली होती, पुढे ती हातोहात फिरली, २००९मध्ये अपघात झाला आणि विमा नव्हता. भरपाई नोंदणीवर नाव असलेल्या माणसावरच आली. आपल्या गाडीत सतरा माणसं बसतात. घाटात काही विपरीत झालं तर आकडा केवढा होईल, याचा विचार करा.

त्यातून तुमचं गिऱ्हाईक कर्नाटकातलं. म्हणजे टीटीओच्या फॉर्म २९ आणि ३०सोबत फॉर्म २८ची एनओसी, म्हणजे आरटीओचा ना-हरकत दाखलाही लागणार. इथेच बरेच जण फसतात. एनओसी निघाली म्हणजे नाव निघालं, असं नाही. पलीकडच्या आरटीओत नोंद होईपर्यंत मालक तुम्हीच. विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. म्हणून भावात थोडं कमी मिळालं तरी महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक मी आधी धरेन. बेळगावलाच द्यायची ठरली तर त्याने पैशाचा एक हिस्सा नाव चढेपर्यंत मागे ठेवून उपयोग नाही, कारण अडकणार आहात तुम्ही, तो नाही. गाडीच तुमच्याकडे ठेवा. मोठा टोकन घ्या, कागद हलवा, नाव चढल्यावर चावी द्या. खरा धंदेवाला याला तयार होतो. जो "सीझन जाईल" म्हणून घाई करतो, त्याला सोडून द्या.

कागदांची तयारी गिऱ्हाईक यायच्या आधी करा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. हप्ते संपलेत पण बोजा तसाच आहे, अशा गाड्या मी कितीतरी पाहिल्यात. ई-चलन भरा. रस्ता कर आणि आठ वर्षांनंतरचा पर्यावरण कर बाकी ठेवू नका. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लावली नसेल तर आरटीओत काम अडतं. परमिट आपोआप गाडीबरोबर जात नाही. ते सरेंडर करायचं की परवानगी घेऊन नव्या मालकाच्या नावावर करायचं, ते आधी ठरवा. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर मोबाइल नंबर कुणाचा आहे तेही बघा. जुन्या ड्रायव्हरचा नंबर असेल तर ओटीपीसाठी त्याच्या मागे फिरावं लागेल.

आता भाव. तुमच्या गाडीला आठ वर्षं होऊन गेली, म्हणजे पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी. नवीन पासिंग करून विकायला काढलीत तर गिऱ्हाईकाची निम्मी घासाघीस तिथेच थांबते. घेणारा चेसिस, पायरीजवळचा गंज, टपावरच्या कॅरिअरखालची गळती बघणार. मग एसी चालू ठेवून घाट चढायला सांगणार. एसीचं काम आधीच करून घ्या, पण सीट कव्हर आणि रंगरंगोटीवर खर्च करू नका, ते घेणारा आपल्या आवडीने करतो. सर्व्हिसची बिलं मात्र फाइलला लावून दाखवा. वेळ म्हणाल तर फेब्रुवारी-मार्च. मेच्या सुट्ट्या आणि लग्नसराईसाठी लोक तेव्हा गाड्या शोधतात. पाऊस लागला की हेच लोक दम धरून बसतात.

पैसे बँकेतूनच घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकराचा दंड तेवढ्याच रकमेचा असतो. "मी सैन्यात आहे, गाडी न बघता घेतो, क्यूआर कोड स्कॅन करा" असा फोन आला तर बंद करा. पैसे घेताना कधीच स्कॅन करावं लागत नाही.

तुमचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल तर सीएशी बोला. खरेदीच्या वेळी इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं नसेल तर १८ टक्के कर फक्त मार्जिनवर लागतो, आणि घसारा घेतलेल्या गाडीचं मार्जिन म्हणजे विक्री किंमत वजा घसाऱ्यानंतर उरलेली किंमत. ते उणे आलं तर कर नाही. पण चालक धरून १३पेक्षा जास्त सीटच्या गाडीवर क्रेडिट घेता येतं, त्यामुळे तुम्ही ते घेतलंय का, हे जुन्या बिलांत नक्की तपासा.

ताबा देताना तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट करा, दोघांच्या सह्या, घेणाऱ्याच्या आधारची प्रत आणि किलोमीटरची नोंद त्यात असू द्या. विमा त्याच्या नावावर करायला त्याला १४ दिवस असतात. फास्टॅग मात्र त्याच दिवशी बंद करा, नाहीतर प्रत्येक टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल. नाव चढलं की एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा आणि त्याचा स्क्रीनशॉट डिलिव्हरी नोटसोबत ठेवा.