पॉइंटर दिला, तरी यादी रिकामीच का?

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना दोन आकड्यांची अदलाबदल करणारं फंक्शन लिहिलं, पण मेनमधले, म्हणजे मुख्य फंक्शनमधले, आकडे बदलले नाहीत. पॉइंटर, म्हणजे त्या आकड्यांचे मेमरीतले पत्ते, दिल्यावर बदलले. मग लिंक्ड लिस्टच्या, म्हणजे एकमेकांना पत्त्याने जोडलेल्या नोडांच्या यादीच्या, सुरुवातीला नोड जोडणारं फंक्शन लिहिलं. त्याला ‘हेड’ हा पहिल्या नोडचा पॉइंटरच दिला, आत मॅलॉकने मेमरी घेऊन नवा नोड केला आणि शेवटी ‘हेड = नवा’ लिहिलं. तरी मेनमध्ये यादी रिकामीच! असं का?
— एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : अगदी याच ओळीने माझी एक अख्खी संध्याकाळ घेतली होती. तेव्हा मी पणजीत खनिज वाहतुकीच्या एका कचेरीत प्रोग्रॅम लिहायचे. मांडवीतून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जेसची यादी ठेवायची होती. नवी बार्ज आली की ती यादीच्या डोक्यावर जोडायची. फंक्शनच्या आत छापलं की नाव दिसे, बाहेर आलं की यादी कोरी.

आधी एक गोष्ट पक्की धर. सी फंक्शनला नेहमी किमतीची प्रत देते. पॉइंटर हीसुद्धा एक किंमतच, म्हणून त्याचीही प्रतच जाते. ‘पॉइंटर दिला म्हणजे पास बाय रेफरन्स झालं’, म्हणजे प्रत न जाता मूळच हाती दिलं, असं वर्गात सांगतात ते मला पटत नाही, कारण नेमका तुझा घोटाळा त्या वाक्यातून होतो. खरा रेफरन्स सी प्लस प्लसमध्ये आहे, सीमध्ये नाही.

आपल्याकडच्या जमिनीचं उदाहरण घे. फॉर्म एक आणि चौदा या जमिनीच्या उताऱ्याच्या झेरॉक्सवर तू नाव खोडलंस, तर सरकारी नोंद बदलत नाही. तुझं पहिलं अदलाबदलीचं फंक्शन झेरॉक्सवर खाडाखोड करत होतं. आता मी तुला सर्वे नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली, तर तू थेट त्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, जाऊन माड लावू शकतेस, आणि तो माड मलाही दिसेल. स्टार लावून ‘*अ = ५’ लिहिणं म्हणजे हे. पण तुझ्या चिठ्ठीवरचा नंबर खोडून तू दुसरा लिहिलास तर? माझ्याजवळच्या चिठ्ठीवर जुनाच नंबर राहणार. ‘हेड = नवा’ या ओळीत तू फक्त आपली चिठ्ठी बदललीस.

वर आणखी एक नुकसान होतं. मॅलॉकने घेतलेल्या नोडचा पत्ता फक्त त्या चिठ्ठीवर होता. फंक्शन संपलं, चिठ्ठी गेली. ती मेमरी अडकून पडली आणि तिला फ्री करायला पत्ताच कुणाकडे नाही.

उपाय दोन. फंक्शनने नवा हेड परत द्यावा आणि मेनमध्ये ‘यादी = जोड(यादी, ५)’ लिहावं. किंवा हेडचाच पत्ता द्यावा: बोलावताना ‘जोड(&यादी, ५)’, फंक्शनमध्ये ‘नोड **हेड’ आणि शेवटी ‘*हेड = नवा’. दोन स्टार बघून घाबरू नकोस. माझी चिठ्ठी कुठल्या खणात आहे ते तुला सांगितलं, एवढंच. मी पहिला उपाय आधी शिकवते, तो वाचायला सरळ आहे. मात्र ‘यादी =’ लिहायचं विसरलं की पुन्हा तेच दुखणं.

ॲरे, म्हणजे एकाच प्रकारच्या घटकांची रांग, दिला की मात्र आतले आकडे बदलतात, तेव्हा तो नियमाला अपवाद वाटतो. तसं नाही. ॲरेचं नाव तिथे पहिल्या घटकाच्या पत्त्यात बदलतं आणि त्या पत्त्याची प्रत जाते. म्हणूनच फंक्शनमध्ये साइझऑफने त्याचा आकार विचारला तर ६४ बिटच्या नेहमीच्या संगणकावर ८ बाइट येतात, ॲरे केवढाही असो. घटकांची संख्या वेगळी पाठवावी लागते ती यासाठी.

म्हणून सगळीकडे पॉइंटर लावत सुटू नकोस. साधा आकडा नुसता वाचायचा असेल तर किंमतच दे. आपला आकडा कुणी बदलणार नाही याची खात्री राहते. स्ट्रक्चर, म्हणजे अनेक किमतींचा एक गठ्ठा, मोठं असेल तर पूर्ण प्रत करण्यापेक्षा पत्ता दे, आणि आत बदल नको असेल तर पुढे ‘कॉन्स्ट’ लिही.

आज घरी तुझ्या जुन्याच फंक्शनवर एक कर. प्रिंटएफमध्ये ‘%’ नंतर इंग्रजी पी घालून हेडमध्ये असलेला पत्ता तीनदा छाप: मेनमध्ये फंक्शन बोलावण्याआधी, फंक्शनच्या शेवटच्या ओळीला आणि मेनमध्ये परत आल्यावर. पहिला आणि तिसरा सारखे येतील, मधला वेगळा. मला त्या संध्याकाळी चूक सापडली ती याच तीन ओळींमुळे.