पेपर लिहिला, निकालात मात्र गैरहजर: विद्यापीठात दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न: मी कळव्याला राहते. ठाण्यातल्या एका संलग्न महाविद्यालयातून बी.कॉम.च्या सहाव्या सत्राची परीक्षा दिली. निकाल दोन महिन्यांनी लागला आणि एका पेपरला मला गैरहजर दाखवले आहे. महाविद्यालय म्हणते कलिन्याला, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जा, कलिन्यात सांगतात महाविद्यालयाचे पत्र आणा. एम.कॉम. प्रवेशाची मुदत संपत आली आहे. कोणी म्हणते अधिसभेच्या (सिनेटच्या) सदस्याला पत्र द्या, कोणी म्हणते व्यवस्थापन परिषदेवर ग्राहक न्यायालयात केस करा. काय करू?

उत्तर: ग्राहक आयोगाकडे, म्हणजे ग्राहक न्यायालयात जाऊ नका. परीक्षा घेणे आणि निकाल लावणे ही ग्राहकाला दिलेली सेवा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिहारच्या शालेय परीक्षा मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तिथे तक्रार टिकणार नाही आणि हातातले दिवस जातील.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने प्रत्येक मंडळाला वेगळे काम दिले आहे. अधिसभा अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवालावर चर्चा करते. पदवीधरांतून निवडून आलेला सदस्य तिथे प्रश्न विचारू शकतो, पण वर्षातून दोन बैठका झाल्या की कायद्याची अट पुरी होते, आणि एखाद्याचा निकाल दुरुस्त करण्याचा अधिकार सदस्याला नाही. व्यवस्थापन परिषद कारभार आणि पैसा पाहते, विद्या परिषद अभ्यासक्रम आणि दर्जा. तुमचा विषय परीक्षा व मूल्यमापन मंडळाचा आहे. त्याचे अध्यक्ष कुलगुरू, आणि रोजचे काम मंडळाच्या संचालकांकडे.

याच अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि काही झाले तरी ४५ दिवसांत तो लावायचा असतो. जमले नाही तर उशिराची कारणे कुलपती (म्हणजे राज्यपाल) आणि शासनाला कळवावी लागतात. हे कलम नुसते कागदावरचे नाही: २०१७ मध्ये ऑनलाइन मूल्यांकनात मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले आणि कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. मात्र ४५ दिवस उलटले म्हणून तुम्ही आपोआप उत्तीर्ण होत नाही. उशीर हा तुमच्या अर्जातला आधार आहे, गैरहजेरीचा शेरा पुसायला पुरावाच लागेल.

तो पुरावा परीक्षा केंद्रावर आहे. असा शेरा बहुधा आसन क्रमांक चुकीचा लिहिल्याने, बारकोड नीट वाचला न गेल्याने किंवा उत्तरपत्रिका दुसऱ्याच गठ्ठ्यात गेल्याने पडतो. वर्गातल्या हजेरीपत्रकावर तुमची सही आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक दोन्ही असतात. केंद्र दुसऱ्या महाविद्यालयात होते का ते आधी पाहा, कारण तसे असेल तर हजेरीपत्रक तिथे शोधायचे, आणि बहुतेक विद्यार्थी इथेच चुकीच्या दारात उभे राहतात. केंद्रप्रमुखांकडे लेखी अर्ज देऊन हजेरीपत्रकाची साक्षांकित प्रत आणि तुम्ही हजर होता असे पत्र मागा. त्याला पर्यवेक्षकाची सही असलेल्या परीक्षेच्या प्रवेशपत्राची (हॉल तिकिटाची) प्रत जोडा. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरू नका. गुणच दिलेले नसतील तर फेरतपासणी कशाची होणार?

आता प्राचार्यांच्या शिफारसपत्रासह संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांच्या नावे अर्ज करा आणि प्रत कुलसचिवांना द्या. कलिन्याच्या महात्मा ज्योतिराव फुले भवनात तो स्वतः देऊन पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी आश्वासनावर परतू नका. उत्तरपत्रिका शोधून गुण द्यावेत आणि तोवर प्रवेश देणाऱ्या संस्थेला निकालाची स्थिती पत्राने कळवावी, अशा दोन्ही मागण्या त्यात असू द्या. त्या संस्थेकडेही तात्पुरत्या प्रवेशाचा अर्ज पोचेसह द्या.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका: एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपये शुल्क. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे, म्हणून ‘उत्तरपत्रिका क्रमांक अमुक कोठे आहे, तिची प्रत द्यावी’ असे नेमके लिहा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून दुसरी वाट सोबतच धरा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांत निकालाला झालेला उशीर ही तक्रार ठरते. ती विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे करा; समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते.

प्रवेशाची मुदत यापेक्षा आधी संपत असेल तर समितीसाठी थांबू नका. विद्यापीठ ही राज्यसंस्था असल्याने राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे विद्यापीठाला आदेश द्यावा अशी याचिका करता येते. प्रतिवादी विद्यापीठ (कुलसचिवांमार्फत), परीक्षा संचालक आणि तुमचे महाविद्यालय. प्रवेशाबद्दल आदेश हवा असेल तर प्रवेश देणारी संस्थाही हवी. व्यवस्थापन परिषदेच्या सदस्यांना व्यक्तिशः ओढण्याची गरज नाही. मुख्य मागणी उत्तरपत्रिका तपासून निकाल जाहीर करण्याची, अंतरिम मागणी तात्पुरत्या प्रवेशाची. शिक्का असलेली पोच, हजेरीपत्रक आणि प्रवेशाच्या मुदतीची सूचना एवढे कागद घेऊनच वकिलाकडे जा.