टोकियोत नोकरी करणाऱ्या मैत्रिणीकडे राहताना

मैत्रीण टोकियोत नोकरी करते, आठवडाभर तिच्याकडे राहायचं आहे. तिला अडचण न होता राहणं आणि दिवसभर एकटीनं फिरणं जमेल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की जमेल. माझी मैत्रीण नाकानोला राहते आणि मी तिच्याकडेच उतरते, त्यावरून सांगते.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर ओळखीच्या माणसाकडे जायचं म्हणून व्हिसा काढणार असाल तर तिचं निमंत्रणपत्र आणि तुमच्या मुक्कामाचं वेळापत्रक लागतं. खर्च ती करणार असेल तर हमीपत्रही. हे काम तिच्या मागे लागतं, तेव्हा तारखा लवकर पक्क्या करा. तिच्या भाडेकरारात पाहुण्यांबद्दल काही अट आहे का, तेही आत्ताच विचारून घ्या.

घर बहुतेक एका खोलीचं असेल. रात्री अंथरूण घालायचं, सकाळी घडी करून कपाटात. त्यामुळे मोठी बॅग नेऊ नका. भिंती पातळ असतात, रात्री हळू बोला. पण तिला खरी मदत होते ती कचऱ्यात. ओला-सुका एवढ्यावर तिथे भागत नाही. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या-डबे, प्रत्येकाचा वार वेगळा, आणि नियम वॉर्डागणिक बदलतात. साधी पाण्याची बाटली टाकायची तरी झाकण काढायचं, लेबल सोलायचं, आतून विसळायची, मग ती तिच्या ठरलेल्या वारी बाहेर ठेवायची. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी बऱ्याचदा तशीच मागे राहते, आणि शेजाऱ्यांसमोर ओशाळं व्हावं लागतं ते तिला. पहिल्याच संध्याकाळी हे सगळं तिच्याकडून शिकून घ्या आणि तेवढे दिवस कचरा आपल्याकडे घ्या. रस्त्यावर कुंड्या फारशा नसतात, त्यामुळे बाहेरचा कचराही पर्समधून घरीच आणावा लागतो.

दिवसा तिच्यावर अवलंबून राहू नका, यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. सुइका किंवा पास्मो कार्ड घ्या. लोकल, मेट्रो, बस सगळीकडे चालतं. सकाळच्या ऐन गर्दीत निघू नका. शिंजुकु हे जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन, करोनाआधी तिथे रोज ३५ लाखांच्या आसपास प्रवासी असत आणि बाहेर पडायचे रस्ते २०० हून जास्त. तिथे ‘स्टेशनवर भेटू’ म्हणण्याला काही अर्थ नाही. कोणत्या कंपनीची लाइन, कोणतं गेट, हे आधी ठरवा. त्याहून बरं म्हणजे तिच्या घराजवळच्या छोट्या स्टेशनवर भेटा. शेवटची गाडी साधारण मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, नंतर थेट पहाटे पाचच्या आसपास. रात्रीची टॅक्सी फार महाग पडते.

एकटीनं फिरायला मला यानाका फार आवडतं. १९२३ चा भूकंप आणि महायुद्धातले बॉम्बहल्ले या दोन्हींतून हा भाग बराचसा वाचला, म्हणून जुन्या गल्ल्या, देवळं, लहान दुकानं अजून दिसतात. तोदेन अराकावा ही ट्रामही चुकवू नका. पूर्वी शहरभर महानगर सरकारच्या ट्राम होत्या, १९७२ पर्यंत त्यांतला एवढा मार्ग सोडून बाकीचे बंद झाले. मिनोवाबाशी ते वासेदा, १२ किलोमीटर, घरांच्या मागच्या अंगणांना अगदी खेटून जाते. उंचावरून शहर बघायचं तर शिंजुकुतल्या महानगर सरकारच्या इमारतीत २०२ मीटरवर गॅलरी आहे, तीही फुकट. पैसे देऊन दुसऱ्या मनोऱ्यावर जायलाच हवं असं मला वाटत नाही.

संध्याकाळ मात्र तिच्यासाठी मोकळी ठेवा. ती दमून येते, तिला पुन्हा गर्दीत ओढू नका. ती एरवी जिथे जाते तिथे तिच्याबरोबर जा. माझी मैत्रीण मला तिच्या गल्लीतल्या सेंतोत, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात घेऊन गेली. कपडे सगळे उतरवावे लागतात, पहिल्यांदा संकोच वाटतो. बुटक्या स्टुलावर बसून आधी अंग स्वच्छ धुवायचं, मगच गरम पाण्यात उतरायचं; टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. नोकरीतला एकटेपणा, घरच्यांची काळजी, परत यायचं की नाही, फोनवर ती कधी बोलली नव्हती ते सगळं तिथे बोलली. इतकी वर्षं मैत्री असून मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्हाला आठवडाच मिळतोय, तर अशी एखादी संध्याकाळ त्यात नक्की ठेवा.

पासपोर्ट रोज जवळ बाळगा, पर्यटकांना तिथे तो कायद्यानेच सोबत ठेवावा लागतो. मैत्रिणीचं स्टेशन कोणतं ते कळवा, म्हणजे विमानतळावरून कोणती गाडी सोयीची पडेल ते सांगते. नारिता आणि हानेदा यांत पर्याय असेल तर हानेदाच घ्या, शहराच्या खूप जवळ आहे.